उतरवलेले पत्रे

नागपूरच्या महालात एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहत. सगळा मोहल्ला त्यांना 'सर' म्हणे. देण्याचा त्यांना फार सोस. घरात एखादी वस्तू पडून राहिली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा आणि ती कुणाच्या तरी कामी येईतो त्यांना चैन पडत नसे. जुना कूलर, लाकडी पलंग, मुलांची पुस्तकं, भिंतीवरचं घड्याळ, सगळं असंच कुणाकुणाच्या घरी गेलं होतं. घेणाऱ्याने तोंडभरून आशीर्वाद दिला की सरांना दिवसभर बरं वाटे. माणूस मनाने खरंच चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडलं ते वाईट माणसाकडून घडलं असतं तर या गोष्टीत सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

घराचा पुढचा भाग पक्का. मागच्या तीन खोल्यांवर पूर्वी कवेलू होते. माकडांच्या टोळ्या आल्या की कवेलू फुटायचे, सरकायचे, आणि दरवर्षी मृगाआधी ते फेरायला माणूस शोधावा लागायचा. त्या कटकटीला कंटाळून १९७८ साली सरांच्या वडिलांनी कवेलू काढले आणि सिमेंटचे करडे, नाळीदार पत्रे टाकले. तेव्हा सगळेच टाकत होते. जबलपूरच्या पुढे कैमोरला १९३४ पासून असे पत्रे बनत आले आहेत. स्वस्त, न गंजणारे, आगीला न भिणारे. रेल्वेच्या शेडवर, शाळांवर, गिरण्यांवर, गोठ्यांवर तेच. त्या पत्र्यांनी चाळीसेक पावसाळे बिनतक्रार काढले.

मग एका चैत्रात गारपीट झाली. नऊ पत्रे फुटले, काहींना भोकं पडली, तुकडे अंगणभर उडाले. घरकाम करणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी खराट्याने सगळं झाडून कोपऱ्यात ढीग लावला. सरांनी ठरवलं, आता ठिगळं नकोत. सगळेच पत्रे उतरवायचे आणि नवे रंगीत टिनाचे टाकायचे. लोहाओळीतून भाव आणले, आगाऊ रक्कम दिली. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. नवं काम अधिकात सुरू करू नये म्हणून काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, अट घातली की जुने पत्रे अधिकात उतरवा, नवे निजात चढवा.

मिस्त्री ठरलेल्या दिवशी सकाळी आला. तिशी ओलांडलेला, अंगाने काटक, कानावर बिडी. पंधराव्या वर्षापासून तो छपराचीच कामं करत होता. पत्रे लोखंडी जे-बोल्टने कैच्यांना आवळलेले होते आणि सगळे बोल्ट गंजून बसले होते. पाना लावून एकही हलेना. मिस्त्रीने विचार केला नाही, ग्राइंडर काढला आणि बोल्टच्या भोवतीचा पत्राच कापायला घेतला. चर्रर्र आवाज झाला, पांढुरका धुरळा उठला. दहा वाजले होते, ऊन तापलं होतं, मागच्या भिंतीला लावलेला मोठा कूलर जोरात चालू होता. नागपूरचा कूलर तिन्ही बाजूंच्या ताट्यांतून बाहेरची हवा ओढतो. तो धुरळा हळूहळू वाकला आणि सरळ कूलरच्या ताटीकडे जाऊ लागला. ताटीमागच्या खोलीत काकू निजल्या होत्या.

शेजारच्या गच्चीवरून हाक आली, "सर, थांबवा ते! आधी कूलर बंद करा!"

हाक मारणारे गृहस्थ भारतीय खाण ब्यूरोतून निवृत्त झालेले. सिव्हिल लाइन्समधल्या त्या कचेरीत देशभरातल्या खनिजांचा हिशेब राहतो आणि त्या हिशेबात ॲस्बेस्टॉसचाही एक अध्याय असतो. शेजाऱ्यांनी तो अध्याय वर्षानुवर्षं हाताळला होता. ते चपला न घालताच खाली उतरले.

"हा ॲस्बेस्टॉस आहे," ते म्हणाले. "सिमेंटचे पत्रे म्हणतो आपण, पण या सिमेंटमध्ये शंभरात आठ-दहा भाग दगडी तंतूंचे असतात. पत्र्याला बळ त्यांचंच. ते तंतू इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, वास नाही, ठसका नाही. एकदा फुप्फुसात खोल रुतले की बाहेर येत नाहीत."

सर जरा हसले. "अहो, चाळीस वर्षं या पत्र्याखाली आमचा संसार झाला. कुणाला काय झालं?"

"पत्रा डोक्यावर गप बसला होता, म्हणून. शाबूत पत्रा फारसं काही सोडत नाही. सिमेंटने तंतू धरून ठेवलेले असतात. त्याला कापा, भोक पाडा, घासा, वरून खाली फेका, की ते सुटतात. आणि 'काय झालं' हे आज कळतच नाही. फुप्फुसं निबर करणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा, हे आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सगळ्या जातींचा ॲस्बेस्टॉस कर्करोग करतो. इंग्लंडने १९९९ मध्ये बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस. आपल्याकडे खाणकामाला नवे पट्टे देणं १९८६ मध्येच थांबवलं, पण तंतू बाहेरून येतात आणि पत्रे अजून दुकानात मिळतात."

मिस्त्री ग्राइंडर हातात धरून ऐकत होता. "काही नाही होत बाप्पा," तो म्हणाला, "एवढी वर्सं कापूनच राहिलो न मी."

त्यावर शेजारी काही बोलले नाहीत. त्यांनी मिस्त्रीच्या भुवयांवर बसलेल्या पांढऱ्या भुकटीकडे पाहिलं आणि त्याला आधी तोंड, हात, मान पाण्याने धुवायला सांगितलं. कपडे झटकू दिले नाहीत, ओले करून पिशवीत भरायला लावले. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हे आजार झाल्याची उदाहरणं जगात नोंदली गेली आहेत. त्या बायका कारखान्यात कधी गेल्याही नव्हत्या.

सरांना शंका होतीच. हे पत्रे नक्की त्यातलेच कशावरून? त्याचं उत्तर साधं आणि थोडं अडचणीचं आहे. नुसतं पाहून छातीठोक सांगता येत नाही. तंतू ओळखायचे तर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच. पण बोटाएवढी नाही तरी चांगली जाडी, करडा रंग, फुटलेल्या कडेला लोंबणारे बारीक केसासारखे धागे, कुठे पुसट उरलेला आयएस ४५९ या मानकाचा शिक्का, आणि बसवल्याचा जुना काळ, एवढं जुळलं की तो ॲस्बेस्टॉसच समजून वागावं. परीक्षेसाठी तुकडा तोडत बसू नये. जुन्या घरात ॲस्बेस्टॉस पत्र्यांवरच थांबत नाही. न्हाणीघराचा करडा पाइप, गच्चीवरून उतरणारी पन्हाळ, जुनी पाण्याची टाकी, चुलीच्या धुराड्याची नळी, हेही बहुतेक त्याच मालाचं. आणि जे धड आहे, कुणाच्या हाताखाली येत नाही, ते तसंच राहू द्यावं. भीतीपोटी चांगला पत्रा फोडून काढणं हा उपद्व्याप जास्त वाईट. सरांचे पत्रे मात्र फुटलेच होते, ते उतरवणं भाग होतं.

काम दोन दिवस थांबलं. शेजाऱ्यांनी नीट यादी करून दिली. मिस्त्रीला तोंडाला दुपट्टा बांधायची सवय होती. कापड या तंतूंना अडवत नाही, दवाखान्यातला निळा मास्कही नाही. म्हणून चेहऱ्याला घट्ट बसणारे, दोन बाजूंना पी-१०० गाळण्या असलेले मास्क आणले, तेही मिस्त्रीला, त्याच्या मदतनिसाला आणि सरांना प्रत्येकी वेगळे. मास्क नीट बसावा म्हणून मिस्त्रीला दाढी करावी लागली. त्याला ते फार जिवावर आलं. ग्राइंडर बंद. त्याऐवजी लांब दांड्यांची बोल्ट कापायची कातर. फवारणीचा पंप, त्यात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, कारण नुसतं पाणी पत्र्यावरून घरंगळतं आणि साबणाचं आत मुरतं. छपरावर चालायला लांब फळ्या. जुना पत्रा पायाखाली कधी दगा देईल सांगता येत नाही. छपरातून खाली पडून मेलेले मजूर प्रत्येक शहरात आहेत आणि त्यांना तर वीस वर्षंही मिळत नाहीत.

पहाटे साडेपाचला काम सुरू झालं. उन्हाच्या आत आटपायचं होतं. कूलर बंद, त्याच्या ताट्यांवर प्लास्टिक, मागची दारंखिडक्या बंद. पत्रा आधी वरून खालून ओला करायचा, बोल्ट कापायचा, तिथे पुन्हा फवारा मारायचा. मग दोघांनी पत्रा अलगद उचलून, हातोहात खाली द्यायचा. फेकायचा नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरलेलं. पत्र्यांची चळत झाली की दोन पदरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कडा चिकटपट्टीने बंद करून वर मोठ्या अक्षरांत लिहायचं: 'ॲस्बेस्टॉस, फोडू नका'. कोपऱ्यातला गारपिटीचा ढीगही पाणी मारून हाताने उचलला. झाडू कुणी लावला नाही, ओल्या फडक्यांनी पुसलं आणि फडकी पिशवीत गेली.

मिस्त्री पहिला तास कुरकुरला. नंतर त्याला त्यात कारागिरी सापडली. एकही पत्रा न फुटता खाली येतोय याचा त्याला अभिमान वाटू लागला.

आता खरी गोष्ट.

आदल्या दिवशी घरकामाच्या बाईंनी काकूंना विचारलं होतं, "काकू, ते पत्रे फेकूनच देऊन राहिले असाल तर मले द्या म्हना न सरांले. आमच्या इकडे ताडपत्री फाटली, मिरग तोंडावर आला." बाईंचं घर नाग नदीच्या काठच्या वस्तीत. दोन पोरं, एक म्हातारी सासू. काकूंनी सरांना सांगितलं आणि सर खुलले. इतके पत्रे टाकून द्यायचे याची त्यांना हळहळ लागून राहिली होतीच. त्यातून अधिक महिना, दानाचा महिना. धड निघतील ते पत्रे बाईंना द्यायचे, गाडीभाडंही आपणच भरायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

यात सरांचा दोष किती? ओला न केलेला पत्रा कापणं वाईट हे त्यांना कळलं होतं. पण जो पत्रा फुटलेला नाही तो निरुपद्रवी, हेही शेजाऱ्यांनीच सांगितलं होतं. त्या दोन गोष्टींच्या मध्ये सरांना एक सोयीची वाट दिसली आणि ते तिच्यावर चालू लागले. आपल्यापैकी बहुतेक जण हेच करतात. शहरातल्या जुन्या घरांवरून उतरलेले पत्रे कुठे जातात ते पाहा. घरगड्याच्या झोपडीवर, गावाकडच्या गोठ्यावर, चहाच्या टपरीला आडोसा म्हणून, नाहीतर तुकडे करून एखाद्या खड्ड्यात भर म्हणून. दिलं म्हणजे सुटलो, असा हिशेब असतो.

पहाटे बाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. सोबत हातठेल्यावाला दीर. मागच्या अंगणात येऊन त्या थबकल्या. मास्क लावलेले तिघे, पाण्याचे फवारे, प्लास्टिकात बांधलेल्या चळती. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग सरांना म्हणाल्या,

"सर, तुम्ही याले मुर्द्यावानी गुंडाळून राहिले. हात लावाले भिऊन राहिले. अन् मले म्हन्ता पोराइच्या डोक्यावर टाक?"

सरांनी मास्क खाली केला. शेजारी झटकन म्हणाले, "सर, मास्क." तो त्यांनी पुन्हा वर केला. सांगायला काही होतं, पण मास्कमधून शब्द नीट निघेनात आणि निघाले असते तरी त्यांना ते स्वतःलाच पटले नसते. बाईंच्या खोपटात पत्रा बसवायचा म्हणजे पुन्हा भोकं पाडणं आलं, लांबी जुळेना म्हणून कापणं आलं, वारा आला की वर दगड ठेवणं आलं. आणि ते करणार कोण? दीर, आणि बघायला उभी असलेली दोन पोरं.

"गारा पडल्या तवा हे मीच झाडलं होतं," बाई म्हणाल्या. "तवा कोनी काही बोललं नाही."

शेजाऱ्यांनी त्यांना समजावलं, की धोका मात्रेवर असतो, एकदा झाडल्याने माणूस आजारी पडतोच असं मुळीच नाही, रोज कापणाऱ्याची गोष्ट वेगळी. बाईंनी ऐकून घेतलं. सर म्हणाले, "हे पत्रे तुम्हाला नाही देत. चुकलं माझं."

बाई उखडल्या. "नाही म्हनाले काय लागते, सर? पानी तं येनार हाय न. मंग आमच्या डोक्यावर काय, तेही सांगा!"

हातठेला रिकामा परत गेला.

सरांनी त्या दिवशी जेवण टाळलं. नचिकेत्याची गोष्ट त्यांनी वर्गात कितीतरी वर्षं शिकवली होती. वाजश्रवसाने सर्वस्व दान करायचा यज्ञ मांडला आणि द्यायला काढल्या त्या दूध आटलेल्या, थकलेल्या गायी. पोराने विचारलं, बाबा, मला कुणाला देणार? मुलांना सर हा प्रश्न फार रंगवून सांगत, बापाच्या रागाचा अभिनयही करून दाखवत. वाजश्रवस हा कुणीतरी कंजूष म्हातारा आहे असंच ते समजत आले होते. तो स्वतःला दाता समजत असेल, त्याला त्या गायींची हळहळही वाटली असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी काकूंना विचारलं. काकू व्यवहारी. त्यांनी कागद घेतला. नवे रंगीत पत्रे तीन खोल्यांपुरते सांगितले होते. तिसरी खोली सरपणाची, आता तिच्यात गॅसच्या जमान्यातलं अडगळीचं सामान. "तिच्यावर छप्पर कशाला हवं?" काकू म्हणाल्या. "भिंती राहू द्या, मोकळं अंगण होईल, तुळस ठेवीन." त्या खोलीचे नवे पत्रे आणि अधिकाच्या वाणासाठी बाजूला काढलेले पैसे, एवढ्यात बाईंच्या घराचं छप्पर होत होतं. मजुरी मिस्त्रीने निम्मीच घेतली. बाईंना सांगायला काकू स्वतः गेल्या, सरांना त्यांनी येऊ दिलं नाही. मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा वस्तीतल्या त्या घरावर नवं टिन होतं. टिन तापतं हे खरं, म्हणून बाईंच्या दिराने त्यावर चुन्याचे दोन हात दिले.

गुंडाळलेल्या चळती अंगणातच होत्या. घंटागाडीत ते टाकायचे नव्हते, भंगारवाल्याला द्यायचे नव्हते. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी जागा आहे, खाली अस्तर घातलेल्या खड्ड्यात तो पुरतात. मुख्यतः कारखान्यांचा माल तिथे जातो. शेजाऱ्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कचेरीत चौकशी केली, एका कारखान्याच्या शेडचे पत्रे उतरवणारा ठेकेदार शोधला, आणि त्याच्या मालासोबत सरांच्या चळती रीतसर नोंद होऊन गेल्या. याला तीन आठवडे गेले, पैसेही गेले. एकेका घरमालकाने इतकं करावं ही अपेक्षा जास्त आहे, हे मला मान्य आहे. प्रत्येक शहरात अशा पत्र्यांसाठी सोपी, जवळची जागा असायलाच हवी. ती होईतो, सावलीत झाकून ठेवलेली बंद चळत ही झोपडीवर चढवलेल्या पत्र्यापेक्षा केव्हाही बरी.

गाडी गेली त्या संध्याकाळी मिस्त्री उरलेल्या पैशांसाठी आला. पैसे मोजून खिशात घातले तरी तो उठेना.

"सर, एक विचारू? शेजारच्या साहेबानं त्या दिवशी सांगितलं, वीस वर्सांनं निंगते म्हणून. मी पंधराव्या वर्षापासून कापतो. माझं काय?"

सर काय सांगणार? मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात बावीस टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस आढळला होता. ते गिरणी कामगार होते, त्यांचा हजेरीपट होता. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना बजावलं, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यातला जो काळ लांबेल तोवर जपा. मिस्त्रीचा कारखाना कुठला? आज महाल, उद्या इतवारी, परवा नंदनवन. त्याच्या श्वासाची नोंद ठेवायला कुणीच बांधील नव्हतं.

सर त्याला दुसऱ्या दिवशी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन गेले. छातीचा फोटो झाला, नळीत फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजली. डॉक्टरांनी काम काय करतोस विचारलं तेव्हा मिस्त्री सवयीने म्हणाला, "गवंडीकाम." सरांनी मध्येच तोंड घातलं आणि केसपेपरवर 'ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापणे' असं लिहवून घेतलं. फोटो साफ होता. साफ आहे याचा अर्थ सुटलास असा नाही, दरवर्षी येत जा, असं डॉक्टर म्हणाले. आणि बिडी आजपासून बंद. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने वाढत नाही, कैक पटींनी वाढतो. मिस्त्रीने कानावरची बिडी काढून खिशात ठेवली. फेकली मात्र नाही.

घरी आल्यावर सरांनी एक दोनशे पानी वही काढली. वर मिस्त्रीचं नाव, जन्मवर्ष. खाली रकाने: साल, घर, काम काय, पत्रे किती, कापले की उतरवले, तोंडाला काय होतं. मिस्त्री आठवून आठवून सांगत गेला. शाळेचं छप्पर, तेलघाणीची शेड, एका लग्नाच्या हॉलमधलं छत, आठ दिवस नुसतं भोकं पाडण्याचं काम. 'तोंडाला काय होतं' या रकान्यात सर सारखे एकच शब्द लिहीत होते: काही नाही. मिस्त्रीने वाकून पाहिलं. त्याला वाचता येत होतं.

पुढच्या रविवारी तो आणखी दोघा मिस्त्र्यांना घेऊन आला. एक पन्नाशीचा होता, जिना चढताना थांबत होता. सरांनी त्याला आधी पाणी दिलं, मग दुसरी वही काढली आणि विचारलं, "पहिलं काम कोणत्या साली केलं, आठवतं का?"